तेरावी गोळी

कर्जत आन् खालापूर धरून या सगळ्या मुलखात माझ्याइतकी कोयनेल, म्हंजे हिवतापाची कडू गोळी, दुसऱ्या कुनी खाल्ली नसंल, हे मी छाती ठोकून सांगतो. आता, त्यातल्या निम्म्याच्या वर येळा मला ताप नव्हताच, ही गोष्ट येगळी.

भात पिवळं पडायला लागलं की माझ्या जिभेच्या मुळाशी आपोआप कडू येतं. बाकीच्यांना कापनीचे दिवस हातात आठवत असतील, कंबरेत आठवत असतील. माझी आठवन जिभेवर हाय. आत्ता हे लिवतोय तेव्हा हळवं कापून झालंय, गरवं अजून उबं हाय. पेज नदीच्या बाजूच्या खाचरांतलं पानी आटून नुसतं गुरांच्या खुरांच्या खळग्यांत उरलंय, आन् त्या येवढ्याश्या पान्यावर डासांचा बाजार भरलाय. सकाळी दवाचा आन् ओल्या पेंढ्याचा वास येतो. लोकं म्हनतात, काय झकास वास हाय. मी हुंगतो आन् मनात म्हनतो, आला हिवतापाचा मोसम. तापामागं इतकं हिंडलं की मानूस असा नासतो बगा. पिकल्या शेताकडं बगून बी त्याला पांघरलेली गोधडीच दिसते.

परवा इस्माईलभाई आला. खोपोलीहून गाडीनं कर्जतला आन् तिथनं पायी माझ्या पडवीत. हा माझा जुना सोबती, शिळफाट्याच्या बाजूला गोळ्या वाटायचा. बसला, पानी प्याला, पाय चोळले आन् म्हनला, "धाकू, मंडळाची निवडनूक लागली. अनंतराव आता अध्यक्षपद सोडतोय. उबा ऱ्हातोस?"

"मी बसलेलाच बरा हाय."

"अरं, आता कागदाच्या चिठ्ठ्या असतात. गोळ्या नाय."

"चिठ्ठी बी खाईन मी. माझा भरवसा नाय."

तो हसला आन् हसता हसता त्याला ढास लागली. पयलं आमी नुसतं हसायचो. आता हसलो की खोकावं लागतं. मी त्याची पाठ चोळली. समोर शेजाऱ्याच्या खाचरात चार बायका वाकून कापत व्हत्या. इळ्याचा आवाज येत व्हता, खरक, खरक. तो आवाज ऐकला की मला लढाईतलं ते एक वरीस आठवतं. त्या सालची कापनी, त्या सालचं मंडळ, आन् माझी अध्यक्ष व्हायची हौस.

मंडळ म्हंजे आरोग्य प्रचारक मंडळ. आता तुमी इचाराल, तू कसला प्रचारक, तुला तर शाळेचं दार बी ठावं नव्हतं. बरोबर हाय. मी व्हतो आमच्या गावच्या शिमग्यातला सोंगाड्या. एका साली मी हिव भरलेल्या म्हाताऱ्याचं सोंग काडलं व्हतं. घोंगडी पांघरून असा थडथडलो की लोकं हसून लोळली. त्या दिवशी गावात डॉक्टरसाहेब आले व्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं बक्षीस देतात. ते म्हनले, "लोकांसमोर कोयनेल गिळून दाखवशील का?"

झालं असं व्हतं, की त्यांच्याकडं अनंतराव नावाचा प्रचारक व्हता. सातवी पास. बोलायला बसला की डासाच्या जन्मापासून सुरू करायचा. तक्ता टांगायचा, काठीनं दाखवायचा, साचल्या पान्यावर रॉकेल टाका म्हनायचा, सगळं मुद्देसूद. पन गोळी काय त्याच्या गळ्याखाली जायची नाय. लोकांसमोर एकदा घेतली आन् तक्त्यावरच ओकला. मंग कोन घेनार गोळी? गावात लोकं म्हनायची, तुमी खाऊन दावा. मंग डॉक्टरांनी मला त्याच्या जोडीला दिलं. तो सांगायचा, मी गिळायचो. दोन मानसं मिळून एक प्रचारक व्हायचा.

माझं काम ठरलेलं. अनंतरावाचं बोलनं संपलं की मी पुढं यायचो. गोळी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवायची. डोळे मिटायचे. टपकन तोंडात टाकायची, गिळायची, आन् जीभ बाहेर काडून चारी बाजूला फिरायचं, म्हंजे गालात दाबली नाय हे दिसतं. मंग त्वांड भरून हसायचं आन् म्हनायचं, "गोड लागली!" बायका तोंडाला पदर लावायच्या. मागची मानसं वराडायची, "धाकू, अजून एक खा रं!" आन् या धाकूनं खाल्ली बी, कैक येळा. कान वाजायचे घंटेसारके. एकदा नेरळच्या बाजूला तीन गावं एका दिवसात केली. संध्याकाळी बायकोनं हाक मारली तर मला वाटलं माथेरानची गाडी शिटी देते.

हसनाऱ्या मानसाचं एक वाईट असतं. त्याचं खरं कुनाला कळत नाय. खालापूरच्या बाजूला एका देवळाम्होरं मला खरंच हिव भरलं. गिळायच्या आधीच दात वाजायला लागले. मी घोंगडी मागितली. लोकं म्हनली, वा! मी खाली बसलो, गुडगे पोटाशी घेतले. लोकं म्हनली, आज लय रंग भरलाय! टाळ्या वाजवल्या. अनंतराव बी काठी बगलेत धरून टाळ्या वाजवत व्हता. यमुनाबाई तेवढी उठली. ही आमच्यातली सुईन, दवाखान्यात शिकून तयार झालेली, बायकांना बाळंतपनातलं सांगत फिरायची. तिनं पाठीवर हात ठेवला आन् म्हनली, "मेल्यांनो, टाळ्या काय वाजवता? हा भाजतोय." तवा कुठं मला देवळात निजवलं. आजवर माझं तेच काम सगळ्यात चांगलं झालं, आन् त्यात माझं काईच नव्हतं.

तर लढाईचं ते साल. कोयनेल जिथनं यायची तो मुलूख लढाईत दुश्मनाकडं गेला, असं डॉक्टर म्हनले. आमाला मुलूख बिलूख कळला नाय, डबे यायचे बंद झाले तेवढं कळलं. वरनं हुकूम आला, की गोळ्या फक्त रूळाकडच्या आन् सडकेकडच्या गावांत वाटायच्या. डोंगरातल्या वाड्यांना नाय. का, तर वाडीवरची लोकं गोळी थुंकून टाकतात. थुंकायची काय जनं, खरं हाय. पन गावातली बी थुंकायची. मी सोता बायको बगत नसली तर थुंकायचो.

मी अनंतरावाला म्हनलो, "वरच्या वाडीला या दिवसांत गोळी नाय दिली तर कापनीला मानूस उबा ऱ्हानार नाय."

अनंतराव म्हनला, "नियम आहे, धाकू. मला तरी बरं वाटतं का?"

बरं वाटत नव्हतं त्याला, हे मला दिसत व्हतं. त्याचं पोट तापानं वाढलेल्या पानथरीनं एका बाजूला फुगलं व्हतं, डोळे हळदीगत. तापाबद्दल सांगत फिरनारे आमी तेरा जन, तेराच्या तेरा तापकरी. डॉक्टर सभा बोलवायचे ती बी बगून बगून, की आज कुनाकुनाची पाळी हाय. एकादिवसाआड हिव भरनारे असायचे ना. यांची आज, त्यांची उद्या. मंग एक दिवस असा काडायचा की निदान निम्मे तरी सरळ बसतील.

वरची वाडी म्हंजे माथेरानच्या डोंगराच्या पाठीला. ठाकर आदिवाशांची पंधरा-वीस घरं. तिथं काळू आन् त्याची बायको चिमी. काळू लाकूड तोडायचा. पन घरात दाना यायचा तो चिमीच्या इळ्यावर. खाली गावांत कापनीला आली की दोन मानसांचं काम एकटी उरकायची. जेवढं कापलं त्या हिशोबानं भाताचा भारा मिळायचा, आन् त्या भाऱ्यांवर ते घर पावसाळ्यापर्यंत तगायचं. त्या साली मी वर गेलो तेव्हा चिमी दाराशी गोधडीत बसली व्हती. इळा बाजूला, धार लावून ठेवलेला. दारावर माझ्याच हातची गेल्या सालची गेरूची फुली. आमची तशी रीतच व्हती. तापाच्या घराला गेरूची फुली, बिनतापाच्या घराला चुन्याची रेघ. त्या वाडीत चुना मी न्यायचोच नाय. उगी वजन.

चिमीनं माझ्या पिशवीकडं बगितलं. "गोळी?"

मी पिशवी उलटी करून दाखवली. आतनं बिडीचं थोटूक पडलं. तेवढं काळूनं उचललं.

"एक दिस बरी असते, एक दिस हुडहुडी," चिमी म्हनली. "बऱ्या दिवशी बी हातात जीव नसतो. मुकादम म्हनला, रोज येनार असशील तर ये."

आता माझ्या जागी शहाना मानूस असता तर गप बसला असता. मी म्हनलो, "काळजी करू नगं. आमचं मंडळ निघतंय. तेरा प्रचारकांचं. अध्यक्ष व्हईल त्याला जिल्ह्याच्या मोठ्या साहेबासमोर बोलायला नेनार हायत. मी उबा ऱ्हातोय. झालो की पयला डबा तुमच्या वाडीला मागतो."

"अध्यक्ष म्हंजे?" काळूनं इचारलं.

"सगळ्यांच्या वतीनं बोलनारा."

"आन् हे कवा?"

"दिवाळीच्या आत."

चिमीनं माझ्याकडं बगितलं. "कापनी कवा संपते ते ठावं हाय ना?"

मला ठावं व्हतं. पन त्या येळेला मला माझंच बोलनं इतकं आवडलं व्हतं की डोंगर उतरताना मी ते मोठ्यानं परत म्हनून बगितलं. सगळ्यांच्या वतीनं बोलनारा. एका झाडावरनं वानरं खाली बगत व्हती, त्यांना बी ऐकवलं.

मंग पंधरा दिवस मी मतं मागत हिंडलो. मतं मागायची म्हंजे काय, तर ज्याच्या घरी जावं तो अंथरुनात. मी त्याच्या उशाशी बसायचो, पानी पाजायचो, आन् तो बरा व्हायची वाट बगायचो, कारन हुडहुडीत दिलेलं मत धरायचं का नाय हे मला ठावं नव्हतं. भिवपुरीपासनं खोपोलीपर्यंत चाललो. रूळाच्या कडेनं जाताना सोजिरांनी भरलेल्या गाड्या जायच्या, आन् मी त्यांना हात करायचो. कुनी एकानं एकदा बिस्किट फेकलं. मला वाटलं, आता माझं नाव गाजायला लागलं.

शिळफाट्याला इस्माईलभाई म्हनला, "मत तुला. पन भाषन करू नकोस."

यमुनाबाईनं सांगितलं, "माझं बी तुमालाच, धाकूदादा. तुमी चांगले म्हनून नाय. अनंतराव निवडून आले तर आभाराचं भाषन करतील, आन् मला बाळंतिनीकडं जायचं असतं."

बायको म्हनली, "वहाना झिजवून आलात. निवडून आलात तर अनवानी जानार का साहेबाकडं?"

मला राग आला नाय. मला तेव्हा कशाचाच राग येत नव्हता. चालून चालून पोटऱ्या दगड झाल्या व्हत्या, अंगात कसकस व्हती, तरी मनात सारखा तो साहेब दिसायचा. मी त्याच्यापुढं हात जोडून उबा, तो इचारतो, काय पायजे? मी म्हनतो, एक डबा. फक्त एक डबा. आन् तो डबा डोक्यावर घेऊन मी डोंगर चढतोय. आता हे सांगताना बी लाज वाटते, पन त्या सपनात मला चिमी कमी दिसायची आन् डबा डोक्यावर घेतलेला मी जास्ती दिसायचो.

निवडनुकीचा दिवस. दवाखान्यात सगळे जमले. तेराच्या तेरा. दोघांना टेकू देऊन बसवलं व्हतं. पंचाईत अशी, की आमच्यातल्या निम्म्यांना लिवता येत नव्हतं आन् लढाईमुळं कागद बी मिळत नव्हता. हात वर करा म्हनलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बगनार. डॉक्टरांनी मंग डोकं लढवलं. तपासायच्या खाटंभोवती हिरवा पडदा असतो, त्याच्या मागं खिडकीच्या फळीवर दोन मडकी ठेवली. एकावर चुन्याची रेघ, एकावर गेरूची फुली. चुन्याचं अनंतरावाचं, गेरूचं माझं. प्रत्येकाला कोयनेलची एक एक गोळी दिली.

"एकेकानं आत जायचं," डॉक्टर म्हनले, "आणि ज्याला निवडायचं त्याच्या मडक्यात गोळी टाकायची. मोजून झालं की गोळ्या परत बाटलीत. या वर्षी एकही गोळी वाया जाता कामा नये. समजलं?"

समजलं, आमी म्हनलो. सगळ्यात मोठ्यानं मीच म्हनलो.

एकेक जन आत जाऊन येऊ लागला. टप्प, टप्प आवाज यायचा. मी कान लावून ऐकत व्हतो की आवाज डावीकडनं येतो का उजवीकडनं. माझा नंबर शेवटचा. पडद्यामागं गेलो. अंधुक हिरवा उजेड. समोर दोन मडकी. त्यांच्या मागं खिडकी, आन् खिडकीच्या गजांपलीकडं दवाखान्यात औषधाला आलेल्या सात-आठ बायका टाचा उंचावून आत बगत उब्या. वाट बगून कंटाळल्या असतील. त्यातल्या एकीनं मला वळखलं.

"अगं, हा तोच तो, देवळाम्होरं गोळी खातो तो!"

"खातोय का बग."

"खातोय खातोय. हातात हाय त्याच्या."

आता मी तुमाला कसं सांगू. माझ्या हातात गोळी, समोर बायामानसं, आन् माझ्याकडं लागलेले डोळे. इतक्या वर्सांचा हात हाय तो. तो मला इचारायला थांबला नाय. दोन बोटांत धरून गोळी वर गेली, डोळे मिटले, टपकन तोंडात. गिळली. जीभ बाहेर काडून चारी बाजूला फिरलो, अगदी पडद्याकडं बी फिरलो. आन् त्वांड भरून हसून हळूच म्हनलो, "गोड लागली!"

बायका खिदळल्या. मी डोळे उघडले तर समोर माझं मडकं.

बाहेर येऊन बसलो. काय करनार. डॉक्टरांनी मडकी आनली, सगळ्यांसमोर वतली. चुन्याच्या मडक्यात सहा. गेरूच्या मडक्यात सहा. परत मोजल्या. सहा आन् सहा.

"तेरावी कुठं आहे?" डॉक्टरांनी इचारलं.

खाली बगितलं, खाट सरकवली, मडकी उलटी केली. इस्माईलभाईनं आपले खिसे बाहेर काडून दाखवले. डॉक्टर तापले. "तुम्ही गावोगाव लोकांच्या जिभा तपासता ना? काढा आता तुमच्या जिभा. यमुनाबाई, बघा."

तेरा प्रचारक रांगेत जीभ काडून उबे ऱ्हायले. यमुनाबाईनं सोताची पयली डॉक्टरांना दाखवली. मंग एकेकाम्होरनं चालत आली. पिवळ्या, पांढऱ्या, भेगाळ, जिभा सगळ्यांच्या सारक्याच. माझ्यापाशी थांबली. जीभ बगितलीच नाय तिनं. त्वांड बगितलं.

"हा बगा," ती म्हनली. "बाकीचे सगळे रडवेले, आन् हा एकटा हसतोय. गोळी खाल्ल्याबिगर हा असा हसत नाय."

खरंच मी हसत व्हतो. ते हसू गोळीबरोबर येतं आन् कडू जाईपर्यंत जात नाय. मला पुसता येईना. सगळ्या खोलीत असा हशा झाला की टेकू दिलेले दोघं बी सरकले. अनंतराव तेवढा हसला नाय. तो म्हनला, "डॉक्टरसाहेब, ती त्याचीच होती. त्याच्या मडक्यात धरा."

असा मानूस. त्याच्याविरुद्ध मी उबा व्हतो.

डॉक्टर म्हनले, "पोटात टाकलेली गोळी मडक्यात कशी धरू?" मंग त्यांनी बाटलीतनं आनखी एक गोळी काडून हातावर घेतली. "धाकू, तू मनानं चांगला आहेस. पण साहेबासमोर अर्ज वाचायला लागेल." आन् गोळी चुन्याच्या मडक्यात टाकली.

टप्प.

मंग अनंतरावानं आभाराचं भाषन केलं. यमुनाबाई अर्ध्यात उठून गेली.

त्यानं माझ्याकडनं वाडीची सगळी हकीकत इचारून घेतली, सोताच्या हातानं अर्ज लिवला, आन् ताप अंगात असताना जिल्ह्याच्या गावाला गेला. दोन दिवस साहेबाच्या दाराबाहेर बाकावर बसला. आत कुनी बोलवलं नाय. शेवटी शिपायानं एक कागद आनून दिला, त्यावर लिवलेलं, की विचार करन्यात येईल. तो कागद अनंतरावानं आमाला वाचून दाखवला, हळू आवाजात, सगळ्या मुद्द्यांसकट. मी असतो तर मला तेवढा बी वाचता आला नसता. कागद उलटा धरून, डबा मिळाला म्हनत डोंगर चढलो असतो. वाडीला गोळ्या गेल्या त्या खळी उठल्यावर, भात कनगीत पडल्यावर. तोवर ज्याला पडायचं व्हतं तो पडून उठला व्हता, नायतर उठलाच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात अनंतरावानं मला आपल्या ओट्यावर बसवून अक्षरं शिकवली. पाटी नव्हती म्हनून गेरूनं भिंतीवर. त्याची बायको म्हनायची, घराला ताप आलाय असं दिसतंय. आज हे लिवतोय ते त्याच्याच वळनाचं. फक्त त्याचं सरळ जातं, माझं खाचराच्या बांधागत वाकडं. पंपवाले आता येतात, भिंतींवर औषध मारून जातात. डास कमी झाले, हिव कमी झालं. लोकांसमोर गोळी गिळायला आता कुनी बोलवत नाय. बरं झालं, मी म्हनतो. आन् म्हनून झालं की जरा येळ काय करावं ते सुचत नाय.

इस्माईलभाई जाताना परत म्हनला, "बग, इचार कर. मतं हायत तुला." मी म्हनलो, नको. कारन नाय सांगितलं. त्याला वाटलं असंल, हरलो म्हनून लाजतोय. हरायचं मला कधीच काय वाटलं नाय. ती तेराव्या गोळीची गोष्ट मीच गावोगाव सांगितली, सोंग काडून. खिडकीतल्या बायका मी, डॉक्टर मी, यमुनाबाई मी. माझ्या सगळ्या सोंगांत तेच जास्ती चाललं. लोकं म्हनायची, धाकू, ती मत खाल्ल्याची सांग.

पयल्यांदा सांगितली ती वरच्या वाडीत. निवडनुकीनंतर चार दिवसांनी गेलो. रिकाम्या हातानं जायची लाज वाटत व्हती, म्हनून गोष्ट घेऊन गेलो. खाली सगळीकडं कापनी चाललेली. डोंगरावरनं बगितलं तर पिवळ्यात वाकलेल्या पाठी दिसायच्या. काळूच्या अंगनात आठ-दहा मानसं गोळा झाली. मी सगळं करून दाखवलं. मडकी, पडदा, टप्प टप्प, जिभा. काळू तर गुडगे आपटून हसला, त्याच्या डोळ्यांतनं पानी आलं. मी बी रंगात आलो, "गोड लागली!" दोनदा करून दाखवलं.

चिमी भिंतीशी उनात पडून व्हती, गोधडी कानापर्यंत. इळा तसाच बाजूला. धारंवर आता तांबूस गंज चढायला लागला व्हता. हसनं थांबलं तशी तिनं गोधडीतनं त्वांड बाहेर काडलं.

"धाकूदादा, तुमाला ताप व्हता?"

"नाय गं."

"मंग ती गोळी हितं का नाय आनली?"

माझं त्वांड अजून हसत व्हतं. मी म्हनलो, "अगं, एका गोळीनं काय व्हनार व्हतं?"

चिमीनं गोधडी परत वर ओढली. आतनंच म्हनली, "एक दिस इळा धरला असता मी. अध्यक्षाचं तुमचं तुमी बगा."